जुन्या मोटारसायकलीचें तेल

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतचा पट्टा म्हणजे दुचाकींचें माहेरच. आकुर्डींत १९७२ पासून चेतक स्कूटर तयार होऊं लागली आणि चाकणच्या कारखान्यांतून २००१ पासून पल्सर बाहेर पडूं लागली. तरीहि येथील कित्येक घरांत वडिलांच्या वेळची बुलेट किंवा येझदी आस्थेनें जपलेली आढळते. गाडीखालीं सकाळीं तेलाचा डाग दिसला कीं, ‘जुनी गाडी, गळायचीच’ असें म्हणून मंडळी मोकळीं होतात. हा समज चुकीचा आहे. प्रत्येक थेंबाला कारण असतें, आणि तें न शोधतां केलेली दुरुस्ती टिकत नाहीं.

बुलेट ३५० चा दट्ट्या खालीं येतांना सुमारें ३४६ घनसेंटिमीटर हवा पुढें ढकलतो. ती बाहेर जाण्यास यंत्राला श्वासनळी असते. कारागीर तिला ब्रीदर म्हणतात. ती तुंबली म्हणजे कोंडलेला दाब पॅकिंगच्या फटींतून तेल बाहेर काढतो. मग पॅकिंग कितीहि वेळां बदललें तरी व्यर्थ! शिवाय, गाडी कित्येक आठवडे उभी राहिली तर टाकींतील तेल झिरपून क्रँककेसमध्यें उतरतें आणि गाडी सुरू होतांच बाहेर फेकलें जातें. म्हणून कांहीं मिनिटें गाडी चालविल्यावांचून तेलाची पातळी पाहूं नये.

येझदीची गोष्ट निराळी. तिचें इंजिन दोन धांवांचें. वंगण पेट्रोलांतच मिसळतात. तिच्या क्रँकचें सील झिजलें तर गिअरचें तेल इंजिनांत ओढलें जाऊन जळतें. जमिनीवर एकहि थेंब नसतो, परंतु पातळी घटते आणि मागून पांढरा धूर निघतो.

गळतीचें मूळ शोधण्याचा उपाय सोपा आहे. यंत्र रॉकेलनें धुवून कोरडें करावें, त्यावर खडूची भुकटी टाकावी व गाडी दहा मिनिटें चालवावी. तेल खालीं व वाऱ्यानें मागें वाहतें, म्हणून ओल्या रेघेचा वरचा व पुढचा शेवट हेंच मूळ समजावें. तेथील नट समोरासमोरचे, थोडेथोडे आंवळावे. ॲल्युमिनियममधील आटे अति जोरानें तुटतात. चिकट लेपहि जाड लावूं नये, कारण सुटलेला तुकडा तेलाची वाट बुजवतो.

पुढच्या फोर्कचें, म्हणजे गॅरेजांतील भाषेंत शॉकअपचें, तेल मात्र वंगणापुरतें नसतें. जर्मनींतील बी.एम.डब्ल्यू. कंपनीनें १९३५ सालीं असा तेलाचा फोर्क आपल्या गाडीस बसविला. स्प्रिंग धक्का झेलते. बारीक छिद्रांतून जाणारें तेल तिची उसळी आवरतें. तें जुनें व पातळ झालें तर ब्रेक दाबतांच गाडी पुढें बुडते व खड्ड्यानंतरहि डुलत राहते. तेल बदलतांना दोन्ही पायांत माहितीपुस्तिकेंत सांगितलेलें, अगदीं समान माप घालावें.

सील गळत असेल तर आधीं नळीवरून बोट फिरवावें. गंजाचे खड्डे लागले तर नवें सीलहि लवकरच फाटतें. नळी पुन्हां क्रोम करून घासून घेणें किंवा बदलणें हाच उपाय. येथें आळस करूं नये. ओघळणारें तेल ब्रेकच्या ड्रमांत शिरलें तर भिजलेला लायनर ऐन वेळीं घसरतो. तो पुसून न वापरतां बदलावाच.

काढलेलें तेल गटारांत ओतूं नये. पवना व इंद्रायणी जवळूनच वाहतात. तें डब्यांत सांठवून अधिकृत पुनर्वापर केंद्राकडे द्यावें. जुनी गाडी हौसेनें पुसणें चांगलें; पण तिच्या अंगावरच्या पहिल्या ओल्या रेघेकडे लक्ष देणें अधिक चांगलें.