बिनमुदतीची बांधणी

पुस्तकबांधणीचे काम दाबाने, धारेने आणि टाक्याने होते, आणि या तिन्ही गोष्टी हाताच्या सांध्यांना मुळीच मानवत नाहीत. असे असता, जिची मनगटे आणि बोटांच्या मुळांचे सांधे आमवाताने वर्षानुवर्षे सुजलेले आहेत अशा बाईने कागदाच्या साऱ्या कलांतून नेमकी हीच का पत्करावी, असा प्रश्न आमच्या डॉक्टरांनी एकदा केला, तेव्हा मला त्याचे उत्तर देता आले नव्हते. आता थोडेफार देता येईल असे वाटते.

माझी नोकरी जिल्हा कचेरीच्या अभिलेखकक्षात झाली. तेथे फेरफारांच्या नोंदवह्या, जुन्या सनदा, दाखल्यांच्या नकला यांचे ढीग लाल कापडाच्या रुमालांत बांधून ठेवलेले असत, आणि खिळखिळ्या झालेल्या वह्यांची पुन्हा जुजबांधणी करण्याकरिता एक वृद्ध दप्तरी खिडकीखाली बसलेला असे. साहेबांच्या तगाद्यांचा ज्याच्यावर काडीइतकाही परिणाम होत नाही असा त्या इमारतीतला तो एकमेव इसम. त्याने मला शिकवले असे म्हणवत नाही. मी पाहत असे, आणि त्याची त्याला हरकत नसे. पुढे सेवानिवृत्ती, त्यामागोमाग वैधव्य, मग साताऱ्याचे घर मोडून मुलाकडे पुण्यात येणे, अशी स्थित्यंतरे एकामागून एक झाली, आणि नव्या बिऱ्हाडात माझ्या वाट्याला जे एक टेबल आले त्यावर मी एक दाभण, मेण लावलेला दोरा आणि हाडाची एक गुळगुळीत पट्टी मांडली.

कामाचा आरंभ कागदाची जात ओळखण्यापासून होतो. यंत्रावर तयार होणाऱ्या कागदाचा लगदा धावत्या जाळीवर पसरला जातो, त्यामुळे त्यातील बहुतेक तंतू एकाच दिशेला लागतात. उलट हातकागद करणारा कारागीर आपली चौकट दोन्ही दिशांनी हलवीत असल्यामुळे त्या कागदाला असा ठाम कल नसतो. ताव हलकेच वाकवून पाहावा, आणि जी घडी विनातक्रार पडू पाहते तिच्या रेषेला समांतर तंतू आहेत असे समजावे. ही रेषा पुस्तकाच्या पाठीला समांतरच हवी, कारण ओला झालेला कागद तंतूंच्या आडव्या अंगाने फुगतो, आणि दिशा चुकली की पाठीशी सुरकुत्या पडून पुस्तक जन्मभर उघडायला कुरकुर करते. पाहणे आणि ठरवणे एवढेच या पायरीत असल्यामुळे हात अगदी बिघडलेले असतानाही ती पार पडते, आणि म्हणूनच ती मी सकाळी करते. आमवाताचे हात उठल्यानंतर तासभर, कधी त्याहूनही अधिक, ताठरलेलेच असतात.

चार ताव एकात एक घालून दुमडले की सोळा पृष्ठांचे एक जुज होते. घडीवर नख किंवा अंगठा ओढण्याची दप्तऱ्याची रीत मला वर्ज्य आहे. मी हाडाची पट्टी मुठीत धरते आणि भार कोपरातून, खांद्यातून येऊ देते. दाभणाच्या मुठीवर जुने फडके गुंडाळून ती मी जाड करून घेतली आहे, कारण बारीक वस्तू चिमटीत धरणे हेच या दुखण्यात सर्वांत महाग पडते. शिवण मात्र सोडवत नाही. एका जुजाच्या पोटातून दोरा पाठीवर यावा, शेजारच्या जुजाला गाठून पुन्हा आत जावा, आणि सुटी पाने हळूहळू एकमेकांना धरू लागावीत, यात एक सूक्ष्म सुख आहे, आणि त्या सुखाच्या भरातच अपाय दडलेला आहे.

छंदात माणूस वेदना विसरतो हे लोकांचे आवडते मत मला मान्य नाही. वेदना विसरली जाते ती तेवढ्या वेळापुरती. ती हिशेब राखून असते आणि रात्री व्याजासह वसुली करते. म्हणून हात दुखू लागले की थांबायचे, हा नियम कुचकामाचा आहे. घड्याळ लावून, हात उत्तम चालत असतानाच थांबावे लागते. चांगला टाका पडत असताना सुई खाली ठेवण्याइतके कठीण काम बांधणीत दुसरे नाही.

आणि येथे बांधणीचा खरा गुण दिसतो: ती थांबू देते. किंबहुना थांबल्यावाचून ती होतच नाही. कीड लागू नये म्हणून मोरचूद घातलेली मैद्याची खळ पाठीला लावली की पुस्तक शिकंज्यात घालून रात्रभर दूर राहावे लागते. घाईने बाहेर काढलेला पुठ्ठा पापडासारखा वळतो. अर्धी शिवलेली वही महिनाभर पडून राहिली तरी नासत नाही, आणि दुखणे उसळून मी अंथरुणाला खिळले तर परतल्यावर दोरा जेथे ठेवला होता तेथूनच हाती येतो.

आजारी माणसाला थोरांच्या कथा सांगण्याची लोकांना मोठी हौस. मलाही मातीसची कथा ऐकावी लागली: १९४१ साली आतड्याच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया झाल्यानंतर अंथरूण आणि चाकांची खुर्ची यांत जखडलेल्या त्या चित्रकाराने कात्रीने रंगीत कागद कापून चित्रे रचली, आणि १९४७ मध्ये ‘जॅझ’ प्रसिद्ध केले. सांगणारे एक गोष्ट वगळतात. कागद रंगवण्याचे आणि कापलेले आकार भिंतीवर टाचण्याचे काम त्याचे साहाय्यक करीत. त्याने स्वतःकडे ठेवली ती कात्री आणि निवड. मला त्याच्या जिद्दीपेक्षा ही वाटणी अधिक उपयोगाची वाटली. मेरी डिलेनी या इंग्रज बाई तर मला त्याहून जवळच्या; पतीच्या निधनानंतर, १७७२ साली, वयाच्या बहात्तराव्या वर्षी त्यांनी काळ्या पार्श्वभूमीवर कागदाच्या कपट्यांची हुबेहूब फुले जुळवायला घेतली, आणि दृष्टी मंदावेपर्यंतच्या सुमारे दहा वर्षांत जवळजवळ एक हजार पुरी केली. ती ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत.

मीही वाटणी केली. जाड पुठ्ठा कापणे आणि कडा छाटणे हे जोराचे काम कोपऱ्यावरच्या छापखान्यातले कटिंग मशीन करते. पहिल्या प्रथम ते परक्या हाती देताना जीव कळवळला होता, हे खरे. आता त्या पोऱ्याला मी मापे सांगते आणि चहा पाजते.

आमच्या सोसायटीच्या चिटणीसांनी नुकतीच इतिवृत्ताची वही मजबूत बांधून मागितली.

“काकू, कधीपर्यंत देता?”

“मुदत घातलेले काम मी घेत नाही.”

“तरी पण... गणपतीपर्यंत?”

“चालेल. कोणत्या वर्षीचे, ते मात्र लिहून घेऊ नका.”