आठ लाख पावलं आणि दोन नडग्या

चर्चगेटहून विरार लोकल पकडली, तर ४२.१९५ किलोमीटर पुरे होतात मीरा रोड सोडल्यावर, भाईंदरच्या जरा अलीकडे. मालाड केव्हाच मागे पडलेलं असतं. मुंबई मॅरेथॉनला, जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी, हजारो लोक एवढं अंतर पायांनी तोडतात. पण पायाला विचाराल तर शर्यतीचा दिवस किरकोळ. मोठा आकडा त्याआधीच्या सोळा आठवड्यांचा.

मालाडचा ६४ किलो वजनाचा एक धावणारा धरू. एरवी लिंक रोड, रविवारी आरे किंवा बोरिवलीचं नॅशनल पार्क, सरासरी आठवड्याला ५० किलोमीटर. सोळा आठवड्यांत झाले ८००, आणि पाऊल साधारण मीटरभराचं, म्हणजे आठ लाख पावलं. २०११ च्या जनगणनेत मालाडच्या पी-उत्तर विभागाची लोकसंख्या ९,४१,३६६ होती. माणशी एक पाऊल वाटायला घेतलं, तर थोडेच लोक उपाशी राहतील.

धावताना प्रत्येक पावलाला जमीन शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट जोराने उलट ढकलते. अडीच पट धरू : १६० किलो. गुणिले आठ लाख, म्हणजे १ लाख २८ हजार टन. नौदलाची विक्रांत सुमारे ४५ हजार टनांची. जवळपास तीन विक्रांत, दोन नडग्यांवर! पाव सेकंदाचे दणके असे एकात एक मिळवणं भौतिकशास्त्राच्या मास्तरांना खपणार नाही. ठणकणाऱ्या नडगीला मात्र हिशोब पटेल.

हाड हा मार सोसून उलट मजबूत होतं, फक्त त्याला वेळ हवा. प्रौढ माणसाच्या सांगाड्यात एका वेळी सुमारे दहा लाख ठिकाणी डागडुजी चालू असते. काही पेशी जुनं हाड खरवडून काढतात, त्याला तीनेक आठवडे लागतात. दुसऱ्या पेशी तिथे नवं हाड भरतात, त्याला तीन-चार महिने. मुंबईकराला हे समजावून सांगायला नको : रस्ता खणणारे झटपट येतात, बुजवणारे सवडीने. या मधल्या काळात आठवड्याचे किलोमीटर वाढवत नेले, की नडगीला बारीक तडा जाऊ शकतो, तोच स्ट्रेस फ्रॅक्चर. ब्राइटहाउप्ट या प्रशियन लष्करी डॉक्टरने कवायत करणाऱ्या सैनिकांच्या सुजलेल्या पायांची नोंद १८५५ मध्ये केली. त्यामागे हाडाचा तडा आहे हे एक्स-रेवर दिसलं १८९७ मध्ये. आजही पहिले दोन-तीन आठवडे साध्या एक्स-रेत तो पुष्कळदा सापडत नाही, एमआरआय करावा लागतो. म्हणून ‘एक्स-रे क्लीन आहे’ म्हणत पुन्हा बूट चढवणाऱ्यांची मला धास्ती वाटते.

टाचेमागच्या अकिलीस टेंडनची गोष्ट याहून अचाट. वेगात धावताना त्यावरचा ताण वजनाच्या साडेबारा पटींपर्यंत मोजला गेला आहे. १९५५ ते १९६३ दरम्यानच्या अणुचाचण्यांनी हवेतला कार्बन-१४ वाढला, तो माणसांच्या शरीरातही उतरला. त्यावरून कोपनहेगनच्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवलं, की या टेंडनचा गाभा साधारण सतराव्या वर्षापर्यंत तयार होतो आणि पुढे जवळजवळ बदलतच नाही. चाळिशीतला धावणारा कॉलेजात असतानाचीच दोरी ताणत असतो.

कधी लाखांचा हिशोब लागतच नाही. बीडच्या मांडव्याच्या अविनाश साबळेच्या तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये ३५ अडथळे असतात. जुलै २०२५ मध्ये मोनॅकोला पाण्याच्या एका उडीत तो पडला आणि गुडघ्याचं लिगामेंट फाटलं.

आता ज्या आकड्याला सगळे घाबरतात तो. धावणं थांबलं की दम किती जातो? १९८४ च्या एका गाजलेल्या अमेरिकी अभ्यासात कसलेल्या खेळाडूंनी सराव साफ बंद केला. शरीराची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता तीन आठवड्यांत सुमारे ७ टक्के घटली, आठ आठवड्यांनी १६ टक्के. हा तर पूर्ण बसून राहण्याचा हिशोब. डॉक्टर किंवा फिजिओने परवानगी दिल्यावर सायकल चालवली, पाण्यात धावलं, तर घट आणखी कमी. दम लवकर परत येतो, हाड येत नाही. धोका इथेच, कारण परत धावायला लागल्यावर छाती म्हणते अजून पाच किलोमीटर, आणि नडगीतला खड्डा अर्धाच भरलेला असतो. डिसेंबरच्या सुरुवातीला नडगी दुखायला लागली, तर शर्यतीला उरतात सहा आठवडे. हाड मागतं बारा ते सोळा. शर्यत चुकली, तरी जानेवारीचा पुढचा तिसरा रविवार तिथून फार तर ५३ आठवड्यांवर.