जुना पिकअप, दुहेरी कसोटी : सस्पेन्शनची जुळणी कशी केली जाते?

अमेरिकेत १९६०च्या दशकात शेतमाल आणि बांधकामाचे साहित्य वाहण्यासाठी तयार झालेले पिकअप ट्रक आज तेथील हौशी वाहनप्रेमींच्या हाती ड्रॅग शर्यतीचे वाहन बनले आहेत. शेवरोले कंपनीचा सी-१० हे त्याचे ठळक उदाहरण होय. जुन्या इंजिनाच्या जागी अधिक ताकदीचे इंजिन बसविणे आता फारसे कठीण राहिलेले नाही. ती ताकद चाकांमार्फत जमिनीपर्यंत पोहोचविणे आणि तेच वाहन दुसऱ्या दिवशी रहदारीच्या रस्त्यावर सुरक्षितपणे चालविणे, हे खरे आव्हान आहे. त्याचे उत्तर इंजिनात नसून सस्पेन्शनच्या जुळणीत आहे.

ड्रॅग शर्यत ही सरळ पट्टीवरील शर्यत. थांबलेल्या स्थितीतून निघून पाव मैल, म्हणजे सुमारे ४०२ मीटर, अंतर कमीत कमी वेळात कापायचे असते. अमेरिकेत या खेळाला शिस्त लावणाऱ्या नॅशनल हॉट रॉड असोसिएशनची स्थापना १९५१ मध्ये झाली. पहिल्या ६० फुटांचा, म्हणजे सुमारे १८ मीटरचा, वेळ स्वतंत्रपणे मोजला जातो. सस्पेन्शन नीट जुळले आहे की नाही, हे प्रामुख्याने हाच आकडा सांगतो.

मूळ रचना

१९६३ पासून सी-१०च्या पुढील चाकांना कॉइल स्प्रिंग आणि वरखाली दोन आडव्या भुजा अशी रचना मिळाली. मागील बाजूस चासीच्या मध्यभागापासून निघणाऱ्या दोन लांब भुजा ॲक्सलला धरून ठेवतात आणि त्यावर कॉइल स्प्रिंग बसतात. ॲक्सल डावीउजवीकडे सरकू नये म्हणून एक आडवा दांडा, म्हणजे पॅनहार्ड बार, दिलेला असतो. ही लांब भुजांची रचना इतकी भक्कम ठरली की, नॅसकार या अमेरिकी शर्यतीच्या अव्वल मालिकेतील गाड्यांमध्ये ती २०२१च्या हंगामापर्यंत वापरात होती.

त्या काळातील इतर अनेक पिकअपना मागे कमानपाटे असत. जड माल वाहण्यास ते उत्तम. मात्र जोरदार सुरुवातीच्या वेळी ॲक्सलच्या पिळाने पाटे वाकतात, पुन्हा सुटतात आणि चाके जमिनीवर उड्या मारू लागतात. हा पीळ रोखण्यासाठी पाट्यांना आधार देणारे ट्रॅक्शन बार बसवावे लागतात. सी-१०च्या लांब भुजांमुळे हा दोष बराच कमी होतो.

वजनाचे गणित

रिकाम्या पिकअपचे निम्म्याहून अधिक वजन पुढील चाकांवर असते आणि ताकद मात्र मागील चाकांना मिळते. त्यामुळे जागेवरच चाके फिरण्याचा धोका मोठा असतो. वाहन पुढे झेपावते तेव्हा काही भार मागे सरकतो. समजा, ट्रकचे वजन १,८०० किलो असून त्यापैकी ९९० किलो पुढे आणि ८१० किलो मागे आहे. पुढील व मागील चाकांतील अंतर २.९२ मीटर आणि गुरुत्वमध्याची उंची ६० सेंटिमीटर धरू. गुरुत्वीय त्वरणाच्या निम्म्या त्वरणाने ट्रक निघाल्यास सुमारे १८५ किलो भार मागे जातो आणि मागील चाकांवर जवळपास ९९५ किलो पडतात.

नरम स्प्रिंग घातल्यास अधिक भार मागे जातो, हा समज पूर्णपणे बरोबर नाही. सरकणारा एकूण भार त्वरण, गुरुत्वमध्याची उंची आणि चाकांतील अंतर यांवर ठरतो. स्प्रिंग, शॉक ॲब्सॉर्बर आणि भुजांचे कोन यांवर तो भार किती झपाट्याने व किती स्थिरपणे टायरपर्यंत पोहोचतो, हे अवलंबून असते.

परस्परविरोधी मागण्या

रस्त्यावर वळण घेताना ट्रक कलू नये, यासाठी तो खाली आणला जातो आणि स्प्रिंग कडक केल्या जातात. पण वरील उदाहरणात गुरुत्वमध्य ५ सेंटिमीटरने खाली आल्यास मागे जाणारा भार सुमारे १५ किलोंनी घटतो. शिवाय ड्रॅग पट्टीवर पुढील भाग सहज उचलला जाणे हिताचे असते. त्यासाठी पूर्वी ‘९०-१०’ शॉक वापरले जात; ते उघडताना अल्प आणि दबताना मोठा विरोध करतात. अशा शॉकवर खडबडीत रस्त्यावर किंवा ब्रेक लावताना वाहनाचा ताबा राखणे कठीण जाते. दोन्ही दिशांचा विरोध वेगवेगळा बदलता येणारे शॉक हा आजचा व्यवहार्य मार्ग आहे. शर्यतीसाठी पुढचा शॉक उघडताना सैल ठेवायचा आणि घरी परतण्यापूर्वी पुन्हा आवळायचा.

आणखी एक अडचण इंजिनाच्या पिळाची. प्रोपेलर शाफ्टमधून आलेला पीळ सलग मागील ॲक्सलवर असा पडतो की उजव्या चाकावरील भार कमी होतो आणि तेच आधी घसरते. त्यासाठी उजव्या स्प्रिंगमध्ये हवेची पिशवी बसवून थोडा जादा दाब दिला जातो किंवा मागे अँटी-रोल बार लावला जातो.

कामाचा क्रम

अनुभवी कारागीर नवे सुटे भाग घेण्याआधी जुन्या चासीकडे पाहतात. पन्नास वर्षांहून जुन्या चौकटीतील भेगा, गंज, झिजलेले बुश आणि बॉल जॉइंट दुरुस्त केल्याशिवाय पुढील कोणतेही मोजमाप विश्वसनीय ठरत नाही. त्यानंतर ब्रेकचा क्रम लागतो. सी-१०ला पुढे डिस्क ब्रेक १९७१ पासून प्रमाणित स्वरूपात मिळाले, त्याआधीच्या ट्रकना ड्रम ब्रेक होते.

ट्रक खाली आणल्यास मागील ॲक्सलला वर येण्यास जागा उरत नाही, म्हणून ॲक्सलच्या वर येणाऱ्या चासीच्या भागाला खालच्या बाजूने खाच देऊन तो भाग मजबूत करावा लागतो. पॅनहार्ड बार तिरका होऊन ॲक्सल एका बाजूला ओढला जातो. लांबी बदलता येणारा बार घेऊन तो शक्य तितका आडवा ठेवला जातो. शाफ्टचा कोन पुन्हा तपासला जातो, कारण जोर पडताच डिफरन्शियलचे तोंड वर उचलले जाते. शेवटी चाकांची अलाइनमेंट होते. पुढचा भाग उचलला जात असताना चाकांची दिशा बदलत असेल, तर वेगात ट्रक सरळ राहत नाही.

यानंतर चाचणी. एका वेळी एकच बदल करायचा, टायरमधील हवेचा दाब नोंदवायचा आणि ६० फुटांचा वेळ ताडून पाहायचा. दोन बदल एकदम केल्यास लाभ कशाचा झाला, हे कळत नाही.

भारतातील कायदा

भारतातील हौशी वाहनमालकांनी कायद्याची चौकट लक्षात घेणे आवश्यक आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका स्पष्ट केली. परवानगीशिवाय सार्वजनिक ठिकाणी शर्यत लावणे कलम १८९ नुसार गुन्हा असून, पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

रस्ता आणि शर्यतीची पट्टी या दोन्ही ठिकाणी सर्वोत्तम ठरेल, अशी एकच जुळणी अस्तित्वात नाही. दोन्हीकडे चालणारा ट्रक ही तडजोडच असते. त्या तडजोडीत वेळेचा एखादा दशांश गमावला तरी चालतो. रहदारीत वाहनावरील ताबा गमावणे मात्र चालत नाही.