अठरा पूर्ण झाल्यावर काय?

मूल अठरा वर्षांचं झालं की कायद्याने सज्ञान होतं. स्वमग्न मुलाच्या घरी त्या वाढदिवसाला दोन आधार एकदम सुटतात. 40 टक्के वा अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलांना 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने 6 ते 18 या वयात दिलेला मोफत शिक्षणाचा हक्क संपतो; आईवडिलांचं कायदेशीर पालकत्वही संपतं. मुलगा मात्र तोच असतो. ठरलेला क्रम मोडला की होणारी घालमेल, गोंगाटाचा त्रास, एखाद्याच गोष्टीचा नाद, सगळं तसंच राहतं.

आमच्या किनवटकडे पुढचं विचारलं, तर ‘घरीच राहील’ हे उत्तर मला बहुतेकदा मिळतं. दुसरं उत्तर शोधताना स्वमग्नतेच्या इतिहासातली एक जुनी नोंद उपयोगी पडते.

डॉ. लिओ कॅनर यांनी 1943 साली अकरा मुलांची वर्णनं प्रसिद्ध केली. त्यातला पहिला डोनाल्ड ट्रिपलेट, अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यातल्या फॉरेस्ट या लहान गावचा. 1942 मध्ये घरच्यांनी त्याला एका शेतकरी जोडप्याकडे ठेवलं. त्याला मोजमापाचा नाद होता. जोडप्याने त्याला विहीर खणायला लावून तिची खोली मोजायला सांगितली. तो मक्याच्या ओळी पुन्हा पुन्हा मोजायचा. त्यांनी त्या नांगरता नांगरता मोजायला लावल्या. 1945 मध्ये कॅनर तिथे गेले, तेव्हा तो घोड्याचा नांगर सफाईने चालवत होता. पुढे डोनाल्ड पदवीधर झाला, गावच्या बँकेत नोकरी केली आणि 2023 मध्ये, 89 व्या वर्षी वारला. घरची सुबत्ता कामी आली हे खरं. पण त्या जोडप्याच्या युक्तीला पैसा लागला नव्हता. त्यांनी नाद मोडला नाही, त्याला काम दिलं.

हे आपल्याकडेही जमू शकतं. मोजण्या-मांडण्याचा नाद असलेला मुलगा किराणा दुकानात माल लावेल, रोपवाटिकेत पिशव्या भरून ओळीने ठेवेल. सुरुवात मात्र चौदा-पंधराव्या वर्षीच व्हावी. घरचं माणूस सोबत घेऊन रोज ठरल्या वेळी अर्धा तास, कामाच्या पायऱ्या चित्रांत काढलेल्या, सांगणारा माणूस एकच. बदल असेल तर आदल्या दिवशी सांगायचा. आणि मजुरी त्याच्या हातात द्यायची.

आता कागदांचं. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार पालकत्वासाठी जिल्ह्याच्या स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करता येतो. पालकाची गरज आहे का आणि असल्यास कशासाठी, हे समितीने पाहायचं असतं. 2016 च्या कायद्यातलं मर्यादित पालकत्व तर ठरावीक निर्णयापुरतं, ठरावीक काळापुरतं आणि त्या व्यक्तीच्या इच्छेला धरून असतं. म्हणून अर्जात गरज नेमकी लिहावी. शेतीच्या व्यवहारात मदत लागणाऱ्या तरुणाला आपले कपडे किंवा मजुरीचा खर्च ठरवायला पालक लागेलच असं नाही.

‘आमच्यानंतर याचं कोण?’ हा प्रत्येक आईचा प्रश्न. कागदावर एका पालकाचं नाव येतं. रोजच्या कामावर मात्र, हा एक दिवस दिसला नाही तर ‘आज का आला नाही?’ म्हणून विचारणारी चार माणसं जोडली जातात.