उतारा : धानाचा, जवाचा आणि मोहाचा

गोंदियाच्या राईस मिलमध्ये ‘उतारा किती?’ हा नेहमीचा प्रश्न. सरकारी भरडाईत एक क्विंटल धानामागे 67 किलो साधा तांदूळ जमा करावा लागतो. बिअर करणाराही हाच प्रश्न विचारतो. मात्र त्याचा उतारा साखरेचा असतो.

जवाच्या दाण्यात साखर नगण्य, स्टार्च भरपूर. म्हणून जव भिजवून मोड आणतात, वाळवून भरडतात आणि ती भरड साधारण 62 ते 68 अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर ठेवतात. दाण्यातली अमायलेज विकरे स्टार्च तोडून साखर करतात. हा उतारा तीन ठिकाणी गळतो. भरड जाड राहिली तर पाणी स्टार्चपर्यंत पोचत नाही. फार बारीक झाली तर टरफलांचा चुरा होऊन रस निथळत नाही. पाणी फार तापले तर विकरे निकामी होतात. आणि चोथा पुन्हा गरम पाण्याने धुतला नाही, तर तयार साखर चोथ्यातच राहते. हे पाणीही 77 अंशांच्या वर गेले की टरफलाचा तुरटपणा उतरतो.

आपल्या देवरी-सालेकसा भागातल्या मोहाला यातले काहीच लागत नाही. वाळलेल्या फुलाच्या वजनात निम्म्याहून अधिक साखरच असते. जवाच्या बाबतीत भांड्यात करावे लागणारे काम इथे झाडानेच केलेले असते. त्यामुळे मोहाचा उतारा भांड्याच्या आधी, वेचणीत आणि वाळवणीत ठरतो.

फूल पहाटे गळते. उशिरा वेचले तर माती लागते, जनावरे खातात. ओल्या फुलांचा ढीग केला तर यीस्ट आणि बुरशी कामाला लागतात आणि साखर घटते. उपाय साधे आहेत : झाडाखाली जाळी बांधावी, म्हणजे फूल स्वच्छ मिळते आणि वेचणीसाठी पालापाचोळा पेटवण्याची, पर्यायाने वणव्याची, वेळ येत नाही. फुले त्याच दिवशी, जमिनीपासून उंच, पातळ थरात पसरावीत.

या वाळवणीला कायद्याचीही बाजू आहे. मुंबई इलाख्यात 1892 साली मोहफुलांवर कायदा आला. पुढे 1949 च्या दारूबंदी कायद्यानेही या फुलाकडे दारूचा कच्चा माल म्हणूनच पाहिले. साठवणीवर बंधन असले की माल हंगामातच, पडेल त्या भावाने विकावा लागतो. 2021 मध्ये राज्य शासनाने संकलन व साठवणुकीवरील निर्बंध उठवले. विनापरवाना दारू गाळणे आजही गुन्हाच आहे. पण फूल घरात ठेवता येते, भाकरीत, लाडवात वापरता येते, भाव चढेपर्यंत थांबता येते.

अर्थात नीट वाळलेले फूलच महिनोन् महिने टिकते. कायद्याने दिलेली सवलत वेचणाऱ्या बाईच्या पदरात किती पडणार, हे आता तिच्या अंगणातल्या वाळवणावर अवलंबून आहे. जाळी आणि वाळवणाचे मंच गावागावांत पोचले, तर मोहाचा उतारा सर्वांत आधी तिच्या घरात वाढेल.