‘गार’ : एका शब्दाचे तापमान

दापोऱ्याच्या केळीच्या शिवारात ‘गार’ हा शब्द निघाला की माणसे आधी आभाळाकडे पाहतात. फाल्गुन-चैत्रात गारा पडल्या तर पानांच्या चिंध्या होतात, घडांना मार बसतो आणि वर्षाची कमाई अर्ध्या तासात जाते. हाच शब्द आईच्या तोंडून आला की बालरोगतज्ज्ञाने बाळाच्या तळपायाकडे पाहावे.

मराठीत गार म्हणजे आकाशातून पडणारा बर्फाचा खडा. गार म्हणजे शुभ्र, कठीण दगडही; गारगोटी ती हीच. विशेषण झाले की गार म्हणजे थंड, आणि ‘हिरवागार’मध्ये तर थंडपणा सोडून तो केवळ गर्दपणा दाखवितो. गारवा सुखाचा, गारठा त्रासाचा. उन्हाळ्यातील गारेगार मुलांच्या लाडका आणि पालकांच्या नावडता. त्याने घसा बसतो की नाही, हा वाद दरवर्षी माझ्यापुढे येतो. घसा बहुधा विषाणूंमुळे बसतो. परंतु तो बर्फ कोणत्या पाण्याचा, या शंकेत मी पालकांच्या बाजूचा आहे.

आपल्या बुऱ्हाणपूर जिल्ह्यात मराठी घराला हिंदीचा शेजार आहे. हिंदीत गारांना ‘ओले’ म्हणतात, आणि ‘गारा’ म्हणजे भिंतीसाठी कालवलेली माती! हा गमतीचा भाग झाला. गंभीर भाग निराळा. ‘बाळाला गार लागतंय’ म्हणजे त्याला थंडी वाजते. ‘बाळ गार लागतंय’ म्हणजे त्याचे अंग हाताला थंड लागते. फरक एका ‘ला’चा. हिंदीत सांगताना दोहोंचे ‘ठंड लग गई’ होते, आणि कागदावर सर्दीची नोंद होऊ शकते.

नवजात शिशूचे तापमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअस असावे. त्याला आपल्यासारखे कुडकुडता येत नाही. म्हणून आईला पुढचा प्रश्न विचारावा : कुठे गार? पाऊल गार, पण पोट उबदार असेल तर शरीर थंडीशी झुंजत आहे. पाऊल आणि पोट दोन्ही गार असतील, तर झुंज हरत चालली आहे. त्यात बाळ सुस्त असेल, अंगावर ओढत नसेल, तर जंतुसंसर्गाचा संशय धरलाच पाहिजे. ऊब देऊन थांबणे पुरेसे नाही.

मोठ्या मुलात ताप चढताना कपाळ तापलेले आणि हातपाय गार असणे नेहमीचेच; त्याला गोधड्यांत गुंडाळू नये. मात्र नख दाबून सोडल्यावर लाली परतायला तीन सेकंदांहून अधिक वेळ लागला, तर रक्ताभिसरण ढासळत असल्याची ती खूण असू शकते.

पौषाच्या रात्री गार पडलेले तान्हे बाळ गावाहून बुऱ्हाणपूरला न्यायचे, तर ते कोरडे करून, टोपी घालून, आईच्या उघड्या छातीशी त्वचेला त्वचा लावून ठेवावे आणि गोधडी दोघांभोवती घ्यावी. वाटेत ते ओढत असेल तर अंगावर पाजावे.