शीड ताणले की होडी पळते?

धाराशिव जिल्ह्याला समुद्र नाही, पण शिडाचे शास्त्र पटवून देणारा पुरावा वाशी-भूमकडच्या पठारावर उभा आहे. पवनचक्कीचे पाते वाऱ्याबरोबर पुढे जात नाही, वाऱ्याला आडवे फिरते. वारा नुसता ढकलत असता तर असे घडले नसते. पाते हवेची दिशा वळवते आणि त्याच्या प्रतिक्रियेने त्यावर आडवे बल येते. लहान होडीचे मुख्य शीडही हेच करते. म्हणून होडी वारा येतो त्या दिशेशी सुमारे ४५ अंशांचा कोन ठेवून त्याच्याकडेच सरकू शकते. बाजूला घसरणे पाण्यात सोडलेली फळी रोखते. तरी दोन समज हटत नाहीत: शीड जितके फुगलेले तितका वेग, किंवा दोर जितका ताणलेला तितका वेग. दोन्ही समजांत एक गोष्ट सुटते. दोर शिडाला आकार देण्यासाठी असतात आणि योग्य आकार वाऱ्यागणिक बदलतो.

बल कसे निर्माण होते, याचे एक चुकीचे उत्तर फार पसरलेले आहे. फुगीर बाजूच्या हवेला लांबचा रस्ता पडतो, म्हणून दुसऱ्या बाजूच्या हवेला गाठायला ती वेगाने धावते, असे सांगतात. याचे खंडन शीडच करते. ते पातळ कापड आहे. त्याच्या दोन्ही बाजूंची लांबी जवळजवळ सारखीच असते, तरी बल भरपूर मिळते. हवा वक्राला चिकटून वळते तोवर ते मिळते. ती सुटून भोवरे झाले की बल घटते आणि अडथळा वाढतो. शिडाला किती पोट, म्हणजे फुगवटा, ठेवायचे, याचा निर्णय यावरून होतो.

सैन्याच्या मुंबईतील केंद्रात तयार झालेल्या नाविक विष्णू सरवणन यांनी २०२३ मध्ये हांगझोच्या आशियाई स्पर्धेत आयएलसीए-७ या होडीवर कांस्यपदक मिळवले. या होडीला सुमारे ७ चौरस मीटरचे एकच शीड असते, त्यामुळे सगळे कौशल्य त्याच्या आकारात पणाला लागते. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचे बल चौपट होते. तेव्हा नाविक बाहेर झुकूनही होडी सरळ धरू शकत नाही. कललेली होडी वेगवान दिसते, पण ती बाजूला घसरते आणि सुकाणू तिला सतत मागे खेचते. अशा वेळी आउटहॉल हा दोर ताणून शिडाच्या तळाचे पोट सपाट करतात. व्हँग हा दुसरा दोर ताणला की डोलकाठी वाकते आणि शीड आणखी चपटे होते. कनिंगहॅम हा तिसरा दोर शिडाची पुढची कड खाली ओढतो आणि वाऱ्याने मागे सरकलेले पोट पुन्हा पुढे आणतो. मध्यम वाऱ्यात हेच दोर सैल सोडून खोली वाढवतात. अगदी मंद वाऱ्यात मात्र खोल पोटही चालत नाही, कारण दुबळी हवा तीव्र वळण घेऊ शकत नाही. तेव्हा पुढच्या कडेला पडणाऱ्या बारीक चुण्या दोष मानून ताणून काढू नयेत.

वरचा भाग थोडा सैल सोडला तर शीड वाया जाते, असा आक्षेप घेतात. पण वर वारा जोरात असतो, म्हणून होडीच्या स्वतःच्या गतीने समोरून येणाऱ्या हवेचा वाटा तिथे कमी पडतो आणि एकूण वारा अधिक बाजूने येतो. शिडाला म्हणूनच वरच्या दिशेने पीळ लागतो. पवनचक्कीचे पातेही याच प्रकारच्या कारणाने मुळापासून टोकापर्यंत पिळलेले असते: टोकाची गती जास्त, म्हणून तिथे वाऱ्याचा कोन वेगळा. वारा पाठीमागून असतो तेव्हा मात्र ढकलण्याचा समज खरा ठरतो आणि दोर सैल सोडून शीड पसरवणेच योग्य. बाकी सगळ्या दिशांना मागच्या कडेला बांधलेले लोकरीचे धागे पाहावेत. वरचा धागा बहुतेक वेळ मागे वाहत असेल तर ताण बरोबर आहे. तो सारखा शिडाआड लपत असेल तर दोर थोडा सोडावा.